शिरीषाच्या रकान्यात ऊन

प्रिय विमल,

दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगून टाकतो. परवा मी तुला अंगणाच्या कोपऱ्यातून उकरून काढलं आणि काल सोनाळ्याला, तुझ्या माहेरी नेऊन ठेवलं. तुला म्हणजे तुझी राख मिसळलेली ती सगळी माती. आता खामगावच्या या घरात मी आहे आणि कोपऱ्यात एक रिकामा खड्डा आहे. चार दिवसांनी तुझं वर्षश्राद्ध. आपला संजू पुण्याहून येईल, पाहुणे येतील, खड्डा बघतील, विचारतील. त्यांना काय सांगायचं ते पाहीन. पण झाडाचं भांडण आपल्या दोघांचं होतं, तेव्हा त्याचा निकाल आधी तुला कळायला हवा.

'प्रिय' लिहिताना जरा अवघडलोच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तुला एक पत्र लिहिलं नाही मी. तू माहेरी गेलीस की त्या बाजूला जाणाऱ्या कोणाजवळ तरी निरोप द्यायचा, लवकर ये म्हणा, भाकरी जमत नाहीत. तेवढंच माझं प्रेमपत्र.

हे घर बांधलं तेव्हा आपल्या लेआउटमध्ये औषधालाही झाड नव्हतं, आठवतं? कालपर्यंत कपाशीचं शेत, आज प्लॉट. दुपार झाली की ऊन नैऋत्येच्या कोपऱ्यातून शिरायचं आणि बुडेपर्यंत बैठकीच्या भिंतीवरून हलायचं नाही. भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा. त्या कोपऱ्यात एक सावलीचं झाड लावायचं, एवढ्यावर आपलं एकमत झालं. आपलं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट असावी.

तू म्हणालीस शिरीष. मी म्हणालो करंज. आणि सात वर्षं गेली!

मी काही हवेत बोलत नव्हतो, विमल. चौतीस वर्षं लाईनमन होतो. वादळ सुटलं की लोक दारं लावून घ्यायचे आणि मी शिडी घेऊन निघायचो. कोणतं झाड कसं पडतं हे माझ्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? शिरीष भराभर वाढतो, पण त्याचं मूळ वरवर पसरतं. वारा आला की एखादी जाडजूड फांदी मोडते, नाहीतर अख्खं झाडच आडवं होतं. त्या फांद्या तारांवरून ओढता ओढता माझी अर्धी जवानी गेली. शिवाय त्याच्या त्या वाळक्या शेंगा, महिनोन्महिने खुळखुळ खुळखुळ. करंजाचं तसं नाही. सावकाश वाढेल, पण मूळ खोल धरेल, सावली गच्च देईल, बकऱ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. आणि आपल्या घरात येणारी विजेची तार नेमकी त्याच कोपऱ्यावरून गेलेली. लाईनमनच्या दारात लाईनमनच्याच तारेवर झाड पडलं असतं तर खात्यातल्या लोकांनी मला जगू दिलं असतं का?

तू वाद घालायची नाहीस. "हाव ना, लाईनमनसाहेब," म्हणून सुपातली तूर पाखडत राहायचीस. तुझ्या त्या 'साहेब'चा मला फार राग यायचा.

दर वर्षी मृग लागला की मी खड्डा खोदायचो. खड्डा खोदून झाला की आपण रोपाचं बोलायचो, बोललो की भांडायचो, आणि अबोला संपेपर्यंत खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं असायचं. मग पोळ्याच्या सुमाराला तू मुकाट्यानं तो खड्डा अर्धा बुजवायचीस आणि त्यात कोथिंबीर टाकायचीस. सात वर्षांत त्या एका खड्ड्यानं आपल्याला कोथिंबीर दिली, मेथी दिली, एका वर्षी दोडके दिले. झाड तेवढं दिलं नाही.

एका वर्षी मी म्हटलं, असं होणार नाही, रीतसर ठरवू. विजेच्या बिलाच्या पाठीमागे दोन रकाने आखले. करंजाच्या रकान्यात मी आठ-नऊ गुण लिहिले, अक्षर लहान करून बसवले. शिरीषाचा रकाना तुझ्यापुढे सरकवला. तू चष्मा लावलास, पेन हातात धरलंस, बराच वेळ बसलीस आणि एकच शब्द लिहिलास. ऊन.

किती हसलो गं मी! सावलीसाठी झाड लावायला निघालो आणि ही त्याच्या गुणांत ऊन लिहिते! दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चौघांना सांगितलं, तेही हसले. ते हसले हेसुद्धा घरी येऊन तुला सांगितलं. तेव्हा तू सूप खाली ठेवलंस.

"तुमाले फक्त उन्हाळा दिसते," तू म्हणालीस. "हिवाळा मले काढा लागते."

मी ते ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. तुझ्या बोटांची पेरं दिवाळीपासून सुजायची, पोळपाटावर लाटणं धरवत नसायचं, हे मी बघत नव्हतो असं नाही. त्याचा आणि झाडाचा काही संबंध असेल हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही. शिरीष थंडीत पानं टाकून देतो, आपल्या अंगावर एक चिंधी ठेवत नाही, ऊन सरळ खाली येऊ देतो आणि उन्हाळा तापायच्या आत पुन्हा हिरवा होतो. करंज आख्खी थंडी पानं धरून बसतो आणि फाल्गुनात टाकतो, थंडी सरल्यावर. तुला हे माहेरच्या विहिरीवरच्या शिरीषाखाली बसून लहानपणीच कळलं होतं. मला झाडांतलं सगळं कळत होतं! चौतीस वर्षं झाडांत काढली, पण झाडांशी माझं काम पावसाळ्याच्या तोंडी. हिवाळ्यात तारेला झाडाचा त्रास नसतो, म्हणून हिवाळ्यात मी कधी झाडाकडे मान वर करून पाहिलंच नाही.

आणि ती तार? ती दुसऱ्या कोपऱ्यावरून फिरवायचं काम एका अर्जाचं आणि अर्ध्या दिवसाचं होतं. आयुष्यभर लोकांच्या तारा फिरवून दिल्या मी.

झाडाऐवजी मी काय केलं? पाचव्या वर्षी वैतागून ओट्यावर टिनाचं शेड टाकलं, थेट कोपऱ्यापर्यंत. ना तुझं, ना माझं, मिटवला वाद! तरी पुढच्या मृगाला खड्डा खोदलाच मी. उन्हाळ्यात टिन तापून आतल्या खोलीची भट्टी व्हायची आणि हिवाळ्यात ओट्यावर उन्हाचा कवडसा यायचा नाही. तू तक्रार केली नाहीस. थंडी पडली की पाट आणि सूप घेऊन रस्ता ओलांडायचीस आणि समोरच्या वानखडेबाईंच्या अंगणात, त्यांच्या उन्हात जाऊन बसायचीस. मला दारातून तू दिसायचीस, बोटं उन्हाकडे करून बसलेली. तीन वाजले की मी हाक मारायचो, चहाचं बघ म्हणून. आणि तू उठून यायचीस. ते सुजलेले गुडघे घेऊन रस्ता ओलांडून यायचीस, मला चहा करून द्यायला.

 वर्ष झालं, मी चहा घेतो तो फक्त सवयीनं.

मागच्या वैशाखात तू त्या टिनालगतच्या खोलीतच निजून होतीस. टिन तापून कडकड वाजत होतं. जायच्या आदल्या दुपारी तू म्हणालीस की हे टिन सारखं बोलून राहिलं, याला कोणीतरी गप्प करा. मी ओल्या गोणपाटानं झाकू का म्हटलं. तू डोळे मिटून घेतलेस. डॉक्टर म्हणाले हृदय. संजूही तेच म्हणतो. मी कोणाशी वाद घालत नाही, पण मला विचारशील तर ते टिन होतं.

आता करंजाचं सांगतो. ते तुला कोणीच सांगितलं नसेल.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची होती. हल्ली आपल्याकडे बरेच लोक मूठभर राख खड्ड्यात टाकून वर एक झाड लावतात, बाकीची नदीत सोडतात. संजूनं विचारलं, आईच्या नावानं कोणतं झाड लावायचं? मी म्हटलं, मी आणतो. नर्सरीत दोन्ही रोपं होती, शेजारी शेजारी. शिरीषाचं रोप मी उचललं होतं, विमल. हातात धरलं होतं, बारीक दांडी, वर चार नाजूक पानं. ते मी खाली ठेवलं आणि करंज घेऊन आलो.

का? वर्षभर स्वतःला विचारतो आहे. तुझा राग होता म्हणावं तर नव्हता. मला वाटतं, मी घाबरलो. शिरीष लावला असता तर तो मला सातही वर्षं लावता आला असता, हे कबूल करावं लागलं असतं. करंज लावला की मी बरोबर ठरत होतो. आणि मी बरोबर असलो की वानखडेबाईंच्या अंगणातल्या तुझ्या दुपारांचा दोष माझ्याकडे येत नव्हता. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्याशी भांडण जिंकलो. असा कोणता नवरा करतो?

दिनकरनं रोप ओळखलं. तुझा भाऊ, तो काय चुकेल! खड्ड्याशी उभा राहून हळूच म्हणाला, "बाई त शिरीष म्हणे ना, भाऊजी?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग मडकं हातात घेतलं, तर पुन्हा तोच. "सगळी नोका टाकू. मूठभर टाका, बाकी पूर्णेत सोडू." मला काय झालं कोण जाणे, मी अख्खं मडकं खड्ड्यात उपडं केलं. तुला नदीत कुठेतरी वाहून जाऊ द्यायचं नव्हतं मला. निदान कोपऱ्यात तरी राहशील, दारातून दिसशील, एवढंच डोक्यात होतं.

करंज दीड महिन्यात वाळला. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं हे तुला माहीत आहे. तरी रोज एक बादली वाचवून घातली. खालची पानं करपली, मग वरची, मग शेंडा. आषाढात पाऊस पडला तेव्हा तिथे नुसती काडी उभी होती. नर्सरीवाल्याला बोलावून आणलं. त्यानं बुडाची माती चिमटीत घेतली आणि विचारलं, "काका, राख किती टाकली होती?" मी म्हटलं, सगळी. त्या बिचाऱ्यानं चिमटीतली माती परत बुडाशी ठेवली. जाता जाता म्हणाला की राख फार झाली की मूळ जळते.

म्हणजे करंज तू जाळलास! त्या दिवशी मी एकटाच ओट्यावर बसून हसलो. नंतर मग रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण ती काडी मी उपटली नाही. पाऊस गेला, थंडी गेली, काडी उभीच. वानखडेबाई एकदा म्हणाल्या, आता ते काढून टाका ना भाऊ. मी म्हटलं, असू द्या.

गेल्या महिन्यात संजूचा फोन आला. म्हणाला, "बाबा, वर्षश्राद्धाला तिथंच शिरीष लावू. आईच्या मनासारखं होईल." किती सोपं वाटतं पुण्यात बसून! मी पुन्हा नर्सरीवाल्याकडे गेलो. त्यानं सांगितलं, त्या मातीत काही जगणार नाही. गुडघाभर माती उकरून टाका, नवी भरा, मग जे लावायचं ते लावा. उकरून टाका म्हणे. तुझ्या मनासारखं झाड लावायचं तर आधी तुलाच बाहेर टाकायचं.

चार-पाच दिवस मी त्या खड्ड्याभोवती नुसता फिरलो. तुला तिथे ठेवावं तर तिथे कधी काही उगवणार नाही. तुला काढावं तर न्यायचं कुठे? शेवटी दिनकरला फोन केला. मला वाटलं, बोलेल, ऐकवेल, त्याचा हक्कच होता. तो एवढंच म्हणाला, "आणा इकडे. मोठ्या झाडाले पचते."

मग मी ती काडी उपटली आणि उकरायला बसलो. हाताला जिथवर राखाडी माती लागली तिथवर, खुरप्यानं, बसून बसून. दोन दुपारी लागल्या, परवाची दुसरी. धुऊन वाळवलेल्या पोत्यात भरलं, तोंड शिवलं. पोतं अर्धंच झालं, तरी मला उचलेना. बसमध्ये कंडक्टरनं हात दिला आणि विचारलं, काका, यात काय आहे? मी म्हटलं, माती. माती कोण नेतं काका सोनाळ्याला, म्हणून तो हसला. मी तुला खिडकीजवळ ठेवलं. बस लागायची ना तुला.

तुझ्या माहेरचा तो विहिरीवरचा शिरीष फुलावर आहे. चांगला दोन पुरुष कवेत घेतील एवढा झालाय. इतकी वर्षं त्या घरचा जावई, पण त्याच्याखाली मी काल पहिल्यांदा नीट बसलो. दिनकरनं बुडाभोवती आळं केलं, आम्ही दोघांनी माती लांबवर पसरली, त्यानं मोटार चालू करून वर पाणी सोडलं. तिथंच तुमच्या माय-बापाचीही मूठमूठ राख आहे, हे मला त्यानं तेव्हा सांगितलं. एवढी साधी गोष्ट तू मला कधी सांगितली नव्हतीस. की सांगितली होतीस, आणि मी तेव्हा करंजाचे गुण मोजत होतो?

मग त्यानं झाडाखाली बाज टाकून दिली. मी पाठ टेकली आणि झोप लागली. दीड तास! वर मागच्या वर्षीच्या शेंगा खुळखुळत होत्या, त्यांचा काही त्रास झाला नाही. सावली विरळ आहे, हे मी म्हणत होतो ते खरं. पण वारा येतो तिच्यातून. जाग आली तेव्हा छातीवर ऊनसावलीचे ठिपके हलत होते आणि क्षणभर मला वाटलं की तू शेजारी काहीतरी निवडत बसली आहेस. मी चहा मागणार होतो.

निघताना दिनकर म्हणाला, बुडाशी रोपं उगवली आहेत, एक घेऊन जा. मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं असेल. पण तूच सांग, आणून काय करू? संजू वर्षश्राद्ध आटोपलं की मला पुण्याला नेणार, चौथ्या मजल्यावर. माझे गुडघे आता तुझ्यासारखे झालेत. घराला कुलूप लागेल. पहिले दोन उन्हाळे त्या रोपाला पाणी कोण घालणार? जगलंच तर सावलीला यायला पाच-सहा वर्षं, आणि तेवढी मी कुठून आणू? जी सात होती ती आपल्याकडे होती. तेव्हा मी खड्ड्यात कोथिंबीर उगवू दिली.

तो कागदही शोधला, दोन रकान्यांचा. बिलांच्या गठ्ठ्यात, तुझ्या ट्रंकेत, देवाच्या फळीवर, सगळीकडे. नाही सापडला. रद्दीत गेला असेल. तुझं अक्षर म्हणून निदान तो एक शब्द राहिला असता.

आता लोक म्हणतात तसं काहीतरी वचन द्यायला हवं. झाडाचं वचन देत नाही, विमल. रोप लावून त्याला कुलूपबंद घरात सोडून जायचं, ही आणखी एक फसवणूक माझ्याच्यानं होणार नाही. त्या कोपऱ्यात आता ना करंज, ना शिरीष.

पण आज सकाळी शिडी काढली. गुडघे नाही म्हणत होते, तरी चढलो. टिनाचे चार पत्रे उतरवले, उरलेले उद्या उतरवीन. संजू आला की आधी ओरडेल, या वयात वर चढले म्हणून. ओरडून झालं की त्याला सांगणार आहे, मला आत्ता नेऊ नको, संक्रांत झाल्यावर ये. येणारा एक हिवाळा मी इथे काढणार. दुपारी तुझा पाट ओट्यावर मांडीन आणि शेजारी बसेन. ऊन कोपऱ्यातून कुठवर येतं, किती वेळ थांबतं, बोटांवर पडलं की कसं लागतं, ते रोज बघीन. तीन वाजता चहा मी करीन, दोन कप. तुला रस्ता ओलांडून यावं लागणार नाही.

तुझा,
लाईनमन